बावीस मिनिटं

रतन सोनकांबळेच्या हातून गेलेला काटा कधी खोटा निघाला नाही, आणि तीच त्याची बोंब होती.

भांडुप पश्चिमेला, मार्केटमागच्या गल्लीत त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. बाप उदगीरकडचा. मुलुंडच्या जकात नाक्यावर ओझी उचलून त्याने पोराला आयटीआयपर्यंत पोचवलं. पोरगं इलेक्ट्रॉनिक्स शिकलं आणि काट्यांच्या धंद्यात शिरलं ते शिरलंच. आता वय सत्तेचाळीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर लाकडी पेटीत ओळीने बसवलेली पितळी वजनं. ती वजनं रतन उघड्या बोटांनी उचलत नाही, फडक्याने धरतो. बोटांचा घाम लागला तर तो वजनात धरला जातो म्हणे. आता बोला!

मासळीवाल्या यायच्या, लाडीगोडी लावायच्या. "भाऊ, पन्नास ग्राम इकडे सरकव ना रे. तुझं काय जातंय?" रतन काटा उचलून त्यांच्या टोपलीत ठेवायचा आणि म्हणायचा, "दुसरीकडे जा, ताई." ताई जायच्या, आणि पुन्हा यायच्या नाहीत. त्याची बायको जया कधीमधी टोचायची, "सरकारने काट्यालासुद्धा थोडी चूक माफ केलीय. तुम्हाला तेवढीपण नको." रतन त्यावर हसायचा नाही. दर रविवारी सकाळी तो विहारात पंचशील घ्यायचा. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि ते तरी आपण पुरतं पाळलं, असं त्याला मनापासून वाटायचं.

धंद्यात त्याचा एकच नियम. काट्याला विचारायचं, मालकाला नाही. मालक हजार गोष्टी सांगेल, माझा काटा बरोबर आहे, वडिलांच्या वेळचा आहे, देवाशपथ आहे. आपण वजन ठेवायचं. काटा स्वतःच सांगतो.

कीथ मिरांडा त्याला भेटला तोही काट्यापायीच. दहा-बारा वर्षं झाली त्याला. कीथ भांडुपच्या पूर्वेचा, खाडीकडच्या गावठाणातला, पवईला एका कंपनीत प्रोग्रॅमर. बापाचा मासळीचा काटा खाऱ्या पाण्याने खाल्ला होता, तो घेऊन आला आणि दुकानाच्या पायरीवर बसून दुरुस्ती बघत राहिला. दोन तास. उठताना म्हणाला, "यार रतन, तू जे करतोस ना, तेच आम्ही कोडमध्ये करतो. शिकतोस का?" पस्तिशीला आलेला माणूस या वयात काय शिकणार, असं जग म्हणालं असतं. रतन शिकला. कीथने रविवारच्या दुपारी आपल्या ओटीवर बसवून त्याला शिकवलं, आणि रतन त्याच्याहून चिकट निघाला. एक चूक सापडेपर्यंत उठायचा नाही. दोघांची अशी गट्टी जमली की जया म्हणायची, तुमचं लग्न चुकीच्या माणसाशी लागलं.

आता त्या गावठाणाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओहोटी लागली की तिथल्या बायका तिवरांच्या पलीकडे चिखलात उतरतात. गुडघाभर चिखल, हातात आकडी, डोक्यावर टोपली. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं, जे मिळेल ते. समुद्राचं पाणी समोरून येताना दिसतं तरी, खाडीचं तसं नाही. ते आधी मागचे ओढे भरतं. समोर चिखल अजून उघडा असतो, बाई खाली वाकलेली असते, आणि तिच्या पाठीमागे घरची वाट बंद झालेली असते. म्हणून पाणी कधी फिरणार हे तिला ठाऊक असायलाच लागतं. पूर्वी कीथचा बाप, सेबॅस्टियन, बंदरावरच्या क्रूसापाशी उभा राहून हाक द्यायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. पुढे सेबॅस्टियनचे गुडघे गेले, आवाज बसला, आणि हाक द्यायला कोणी उरलं नाही. म्हणून कीथने ॲप बनवलं. नाव साधंच ठेवलं, 'पाणी'. उघडलं की मोठ्या अक्षरांत एकच ओळ: पाणी फिरणार, अमुक वाजून अमुक मिनिटं. फुकट, आणि कोडही सगळ्यांना उघडा. ज्याला वाटेल त्याने वाचावा, सुधारावा. बघता बघता नाहूर, मुलुंडपासून पार घाटकोपरपर्यंत खाडीकाठच्या दोनेकशे फोनांत ते गेलं.

भरती-ओहोटीची गणितं काही कीथने स्वतः मांडली नव्हती. ती करणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, परदेशातल्या काही लोकांनी लिहून जगासाठी खुला ठेवला होता. कीथने त्याची आपली वेगळी प्रत काढली आणि आपल्या खाडीपुरते बदल तिच्यात केले. अशा प्रतीला त्यांच्यात फोर्क म्हणतात. मूळ लायब्ररी पुढे वाढत राहते, फोर्क मात्र आपल्या जागी थांबतो, कोणी तरी दोन्ही पुन्हा जुळवेपर्यंत. कीथ म्हणायचा, करू रे पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष आलं नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अकरा दिवसांत कीथ गेला. छत्तीस वर्षांचा माणूस! रतनला शेवटचं तोंडदेखील बघता आलं नाही. दुकान उघडून तो बसायचा, कोणी काटा पुढे केला की बघत राहायचा. त्याचा सख्खा भाऊ गेला तेव्हा तो इतका मोडला नव्हता, हे त्याने जयाला सांगितलं, आणि सांगून रडला.

कीथची बायको जोआना मूळची उत्तनची. नवरा गेल्यावर ती इतर बायकांबरोबर चिखलात उतरायला लागली. माहेरी लहानपणापासून केलेलं काम, हात विसरला नव्हता. ॲप रतनकडे आलं. त्याने ते जपलं, चुका सुधारल्या, पण त्या फोर्कला हात लावला नाही. कीथच्या हातचं होतं ते. मूळ लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनवरून सातव्यावर गेली, ही प्रत आपली जिथल्या तिथे.

मग गेल्या पावसाळ्यानंतर ॲप-स्टोअरची नोटीस आली. वर्ष संपलं की इतक्या जुन्या कोडवर चालणारी ॲप नव्या फोनवर बसणार नाहीत. गणपतीत तिघीचौघींनी नवे फोन घेतले होते, आणखी घेणार होत्या. म्हणजे एकेकीच्या हातातून 'पाणी' जाणार, आणि ती अंदाजाने चिखलात उतरणार. आता टाळाटाळ चालणार नव्हती.

त्याच्या मदतीला शीतल होती. घाटकोपरची, सव्वीस वर्षांची, एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी तिने ॲपमधली एक चूक आपणहून सुधारून पाठवली आणि तेव्हापासून ती सोबत होती. रतनने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कारण लिहिल्याशिवाय एकही आकडा कोडमध्ये घ्यायचा नाही. मग तो माझा असला तरी.

कीथने फोर्कमध्ये एकूण एकतीस बदल केले होते. दोघांनी एकेक काढून तपासायला घेतला. याची अजून गरज आहे का? मूळवाल्यांनीच पुढे ते केलं आहे का? बहुतेक ठिकाणी त्यांनी केलं होतं, कीथपेक्षा चांगलं केलं होतं. ते बदल रतन वगळत गेला. एक बदल वगळला की कीथच्या नावाची एक ओळ नव्या कोडमधून जायची. कुठे त्याने लिहिलेलं असायचं, "रतन ओरडला म्हणून नीट केलं." कुठे नुसतंच, "झकास!" रतन चष्मा काढून पुसायचा. शीतल बिचारी दुसरीकडे बघायची.

तीस झाले. एकतिसावा अडला. पाणी फिरण्याची गणिताने आलेली वेळ घ्यायची आणि तिच्यातून बावीस मिनिटं वजा करायची. बस, एवढंच. कारणाच्या जागी कीथने एकच शब्द लिहिला होता, "बाबांचं".

"म्हणजे काय?" शीतलने विचारलं.

"सेबॅस्टियन अंकलचा अंदाज असणार. म्हाताऱ्याचं मन राखायला घातला असेल कीथने."

"मग अंकलना विचारू या का?"

रतनने मान हलवली. "काट्याला विचारायचं, मालकाला नाही."

आणि त्याने विचारलं काट्याला. चार रविवार विहार बुडवून तो पहाटे बंदरावर गेला. आखणी केलेला बांबू पायऱ्यांपाशी रोवला, हातात घड्याळ घेऊन बसला, पाणी उतरायचं थांबून चढायला लागतं ती घडी टिपली. हाकेच्या अंतरावर आपल्या ओटीवर सेबॅस्टियन खुर्चीत बसलेला असायचा. रतन त्याला हात करायचा, तोही हात करायचा. बस. कीथ गेल्यापासून म्हातारा फारसं कुणाशी बोलत नव्हता, आणि रतनला वाटायचं, जखमेवरची खपली कशाला काढा.

चारही वेळा नव्या लायब्ररीचं गणित दोन-तीन मिनिटांच्या फरकाने अचूक आलं. बावीस मिनिटं वजा करून बघितलं की साफ चूक. इतकी वर्षं आपलं ॲप बायकांना चुकीची वेळ सांगत होतं! रतनने तो बदल काढून टाकला आणि कारणाच्या जागी लिहिलं, "जुना अंदाज काढला. चार वेळा मोजून पाहिलं." कीथची माफीही मागितली मनातल्या मनात. कीथ असता तर मोजल्यावर तोही हेच म्हणाला असता, याबद्दल त्याला शंका नव्हती.

नवं व्हर्जन आधी अकरा फोनांवर टाकलं, चाचणी म्हणून. त्यातला एक जोआनाचा. तिने विचारलं, "दादा, आता अजून बरोबर ना?"

"आता एकदम काट्यावर," रतन म्हणाला. अभिमानाने म्हणाला.

डिसेंबरात पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. फोन वाजला. गावठाणातला होडीवाला किरण बोलत होता, धापा टाकत.

"रतनभाऊ, तुमच्या पाण्याने वाट लावली. जोआना ओढ्यात सापडली. काढली मी. जिवंत आहे. तुम्ही या."

रतनने शटर ओढलं की नाही हेही त्याला आठवत नाही. रिक्षात बसला तेव्हा लक्षात आलं, हातात अजून पितळी वजन होतं, उघड्या बोटांत.

चौघी गेल्या होत्या. उधाणाची ओहोटी, पाणी लांबवर ओसरलेलं, म्हणून पार टोकाच्या चिखलापर्यंत गेल्या. चौघींत फोन एकच, जोआनाचा, आणि त्यावर वेळ होती आठ वाजून सात मिनिटं. आठ सातला तिघींनी टोपल्या उचलल्या. जोआनाला समोर एक बीळ दिसलं, मोठ्या चिंबोरीचं. एवढी एक घेते आणि आलेच, म्हणाली. तिघी ओढा पार झाल्या तेव्हा पाणी कमरेला होतं. जोआना पोचली तेव्हा ते गळ्याला लागलं आणि पाय चिखलात रुतले. तिवराची एक फांदी हाताला लागली, ती धरून ती ओरडत राहिली. किरणची होडी सुटायची होती, योगायोगाने उशीर झाला होता. योगायोगाने! नाहीतर काय झालं असतं ते कोणाच्या तोंडून निघेना.

दवाखान्यातून तिला घरी आणलं होतं. कालवांच्या धारेने कापलेल्या तळव्याला टाके, अंगावर दोन चादरी, तरी दात वाजत होते. रतन दारातच थांबला.

"या ना दादा," ती म्हणाली. "आठ सातच होतं हो फोनवर. मीच थांबले." आणि मग लहान पोरीसारखी म्हणाली, "पण कीथचं असतं तेव्हा एवढं पटकन पाणी नव्हतं येत. एक चिंबोरी काढली तरी वेळ असायचा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रतनला वाटलं. चार रविवारांची मोजणी त्याच्या डोक्यात गरगर फिरत होती. चूक कुठे झाली? बांबू हलला? घड्याळ मागे होतं?

"रतन." मागून आवाज आला. सेबॅस्टियन काठी टेकत उभा होता. "बाहेर ये."

मागच्या अंगणात नारळाखाली एक दगडी बाक आहे. म्हातारा बसला, काठी मांडीवर आडवी घेतली.

"चार आयतवार तिथं बांबू घेऊन बसलेलास. तवा मना वाटलं कायतरी सरकारी काम असंल. आज सकाळी कळला. तू बावीस काढलीस."

"अंकल, मी मोजलं होतं. खरंच सांगतो, नीट मोजलं होतं. कुठे चुकलं तेच कळत नाही."

"नाय चुकला. आज पाणी आठ सातलाच फिरलं. मी पायरीवर व्हतो. तुझा बरोबर हाय."

रतन बाकावर त्याच्या शेजारी टेकला.

"माझा बाप हाक द्यायचा," म्हातारा सांगू लागला, थांबत थांबत. "नेहमी लवकर द्यायचा. पाणी फिरायला अजून वेळ असायचा, तरी हाक. मी पोरगा व्हतो, मना वाटायचं, बापाला कळत नाय, अडाणी हाय. मंग मी मोठा झालो, बंदरखात्याचा छापील तक्ता आणला, मनगटाला घड्याळ बांधला. बापाच्या जागी मी उभा राहिलो तवा म्हटलं, आता बरोबर वेळ सांगायची. मिनटाला मिनट."

त्याने मागच्या दारातून आत बघितलं. तिथे भिंतीवर एमिलियाचा फोटो होता, कीथच्या आईचा. कीथ नववीत असताना ती खाडीत बुडून गेली, एवढंच रतनला ठाऊक होतं. कीथ त्यावर कधी बोलला नव्हता आणि रतनने कधी विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी एमिलियाला मी बरोबर वेळ सांगितली व्हती," सेबॅस्टियन म्हणाला. "एकदम बरोबर."

घरात कोणीतरी चहाची भांडी ठेवल्याचा आवाज झाला. रतनने म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला, तो गार पडला होता.

"वेळ झाली की बाई लगेच निघत नाय रे. हात चालू असतो. अजून एक, अजून एक. माझ्या बापाला ते ठाऊक व्हतं, तक्त्याला नव्हतं. तिची माती झाल्यावर मी त्या टोकाला गेलो. तिची टोपली भरली, डोक्यावर घेतली, आणि घड्याळ लावून चालत आलो. त्या चिखलातून, त्या ओढ्यातून. बावीस मिनटं लागली. तवापासून मी हाक द्यायचो ती बावीस मिनटं आधी. कीथने मशीन बनवलं तवा त्याला म्हटलं, हे घाल. आणि कारण लिहू नको."

"का पण? कारण लिहिलं असतं तर मी कशाला काढलं असतं?"

"तू नसता काढला. पण बायकांना कळला असता." म्हातारा पहिल्यांदाच चिडला. "ही जोआना, तुझ्या कीथची बायको, रोज हातात फोन घेऊन फिरते. आज कळू दे तिला की बावीस मिनटं खोटी हायत, उद्या ती बावीस मिनटं पण टोपलीत भरंल! होडीवाल्यांना ठाऊक हाय, किरणच्या बापाला ठाऊक हाय. कोणी बोलत नाय. आणि त्या वेळेला चिखलावर कोणी उरतच नाय, मंग पाणी फिरला की नाय ते बघणार कोण?"

रतन खाली मान घालून बसला. हाकेच्या अंतरावर चार रविवार तो बसला होता. पन्नास पावलं चालून एक प्रश्न विचारायचा होता. आपला नियम, आपला काटा, आपलं बरोबर. त्या बरोबर असण्याची त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

"जोआनाला काय सांगू?" त्याने विचारलं.

"ते तू बघ," सेबॅस्टियन म्हणाला. "मी माझ्या बापाला अडाणी म्हटला व्हता. मना काय सांगू नको."

त्याच दुपारी रतनने अकराही फोनांवर जुनं व्हर्जन परत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी शीतलला दुकानात बोलावून घेतलं. नवी लायब्ररी तशीच ठेवायची होती, ती हवीच होती. तिच्यावर फक्त ती बावीस मिनिटं पुन्हा बसवायची होती. शीतलने स्क्रीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"दादा, आपण मोजलंय ना? हे चूक आहे. आणि कारणाची जागा रिकामी. तुम्हीच म्हणता, माझा आकडा असला तरी घ्यायचा नाही."

"म्हणतो खरं."

"मग?"

"कारण आहे, शीतल. लिहिण्यासारखं नाही. तुला सांगता येत असतं तर सांगितलं असतं."

ती वाद घालायला तोंड उघडणार होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते मिटलं. "पण दादा, उद्या तुमच्यासारखाच कोणीतरी येईल, मोजेल आणि काढून टाकेल. त्याला काय सांगायचं?"

ती बोलली ते अगदी खरं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं आली आणि परत गेली. मग रतनने आकड्याच्या वर एकेक शब्द जुळवत लिहिलं:

"ही वेळ चुकीची आहे. आम्हाला माहीत आहे, आम्ही मोजलं आहे. तरी काढू नका. काढावंसं वाटलं तर आधी गावठाणात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा."

खाली त्याने नाव घातलं, कीथ मिरांडा. मग त्याच्या खाली स्वतःचं. शीतलने तपासलं आणि मान्य केलं.

रविवारी तो विहारात गेला. नेहमीच्या खांबापाशी बसला, जया बायकांच्या बाजूला. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळ्यांबरोबर त्याचा खडा आवाज. चौथ्याला त्याचा आवाज आला नाही. जयाने मान वळवून बघितलं. तो हात जोडून बसला होता, डोळे मिटलेले, ओठ बंद. पाचव्याला तो परत सगळ्यांत मिसळला. बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "आहे की." आणि हेही काही खरं नव्हतं.

तिथून तो थेट बंदरावर गेला. त्या दिवशी ओहोटी दुपारची होती आणि बायका उतरायच्या तयारीत होत्या. जोआना तळव्याला पट्टी बांधून पायरीवर बसली होती, तिला अजून दोन आठवडे उतरायचं नव्हतं. रतन सगळ्यांच्या समोर उभा राहिला.

"त्या दिवशी जे झालं ती माझी चूक," तो म्हणाला. "माझी मोजणी चुकली होती. मला जमलं नाही. नव्या ॲपमध्ये आता कीथची वेळ परत घातली आहे."

गर्दीतून एक म्हातारी मासळीवाली पुढे आली. कधीकाळी पन्नास ग्रामसाठी याच रतनने तिचा काटा परत केला होता. "बघा गं! काटेवाल्याचा पण काटा चुकतो. आमाला शिकवत व्हता!" सगळ्या खदखदून हसल्या. रतनच्या कानशिलांना आग लागली. तीस वर्षं त्याने आपल्या नावावर हे एक बालंट येऊ दिलं नव्हतं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "चुकतो, आजी."

जोआना त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे कीथचं बरोबर होतं ना, दादा?"

"हो," रतन म्हणाला. "कीथचं बरोबर होतं."

तिने डोळे पुसले. बायका टोपल्या घेऊन उतरल्या.

फोनवर वेळ होती दोन वाजून एकवीस मिनिटं. रतन क्रूसाच्या चौथऱ्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला आणि सेबॅस्टियन शेजारी येऊन टेकला. दोन एकवीसला लांबवर हालचाल झाली, कोणीतरी कोणाला हाक मारली. दोघी-तिघी लगेच वळल्या. एक वाकलेलीच राहिली, मग अजून एक काहीतरी काढून टोपलीत टाकलं आणि तीही निघाली. एकेक करून सगळ्या ओढा पार करून आल्या. पाणी घोट्याच्या वर नव्हतं. पायऱ्या चढताना त्या भांडत होत्या, हसत होत्या. शेवटची वर आली तेव्हा सेबॅस्टियनने बोटाने मोजल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या.

नंतर चिखल रिकामा झाला. त्यावर नुसते पायांचे खळगे आणि बगळे. दोघं बसून राहिले.

दोन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी पायरीपाशी तरंगणारी एक काडी थांबली, जरा घुटमळली, आणि उलट्या दिशेने सरकायला लागली. रतनने घड्याळ बघितलं. मिनिटाला मिनिट बरोबर होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.